जिल्हाधिकारी साहेब, मुलांचे वेळापत्रक एकदा एका टेबलावर मांडा

मा. जिल्हाधिकारी,
अहिल्यानगर.



हे पत्र जिल्ह्यातल्या नववी ते बारावीच्या मुलामुलींसाठी लिहीत आहे. या मुलांचा दिवस कसा जातो, हे आपल्या कार्यालयात येणाऱ्या अहवालांत दिसत नाही. पटसंख्या दिसते, निकालाची टक्केवारी दिसते, कॉपीमुक्त अभियानाचे आकडे दिसतात. मूल किती वाजता उठले, काय खाऊन घराबाहेर पडले आणि रात्री किती वाजता आडवे झाले, याची नोंद कुठेच होत नाही. मुलांना शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाच्या नात्याने सांगतो, त्यांची तब्येत, उमेद आणि अभ्यास या तिन्ही गोष्टी नेमक्या याच ठिकाणी अडल्या आहेत.

अकरावीतल्या एखाद्या मुलीचा दिवस पाहा. गाव शेवगाव तालुक्यातले धरा किंवा पारनेरच्या पठारावरचे. घरी दोन गाई. पहाटे पाचच्या आत ती आईबरोबर उठते. आई धारा काढते तोवर ही गोठा झाडते, चूल पेटवते, किटली घेऊन डेअरीवर जाते, कारण दुधाची गाडी कुणासाठी थांबत नाही. रात्री गावात मुक्कामी आलेली एसटी सहाच्या सुमारास निघते. ती चुकली की पुढची गाडी कॉलेज अर्धे झाल्यावर. म्हणून कपभर चहावर ती फाट्याकडे पळते. सकाळच्या पाळीचे कॉलेज बाराला सुटते, परतीची गाडी दुपारी दोनला, मधला वेळ स्टँडवर. घरी पोचल्यावर कांद्यात खुरपणी निघालेली असते. ती नसेल तर पाणी, भांडी, धुणे असतेच. संध्याकाळी पुन्हा धारा, पुन्हा भाकरी. वही उघडते ती रात्री साडेनऊनंतर. साडेअकराला डोळे मिटले तरी झोप होते पाच तासांची.

तालुक्याच्या गावात राहणाऱ्या मुलाला गाई नसतात, एसटी नसते, पण झोपेचा हिशेब फारसा वेगळा निघत नाही. सहाला पहिला क्लास, त्यानंतर कॉलेज, दुपारी दुसरा क्लास, रविवारी टेस्ट सिरीज. शेतकऱ्याच्या मुलाच्या वाट्याला आणखी एक गोष्ट येते. ज्या आठवड्यात शेतीची थ्री फेज वीज रात्री असते, त्या आठवड्यात वडिलांबरोबर दारे धरायला जावे लागते. संगमनेर, अकोले, राहुरीकडे उसात बिबट्या आहे. रात्री एकट्या माणसाला रानात कुणी पाठवत नाही, म्हणून सोबतीला पोरगा जातो. पहाटे घरी येतो आणि सकाळी वर्गात शेवटच्या बाकावर डोके टेकतो. त्याला उभे करून शिक्षक विचारतात, "रात्रभर मोबाईल बघत होतास का रे?"

या दिवसात आळस कुठे आहे? अवघा दिवस दुसऱ्यांनी वाटून घेतलेला आहे. कॉलेजची वेळ संस्था ठरवते. गाडीची वेळ एसटीचे आगार ठरवते. क्लासची वेळ क्लासवाले ठरवतात. विजेची वेळ महावितरण ठरवते. गाईची आणि रानाची वेळ घर ठरवते. या पाचांपैकी एकानेही दुसऱ्याचे वेळापत्रक कधी पाहिलेले नाही. प्रत्येकाला वाटते, आपण मुलाकडून थोडेच मागतो आहोत. सगळ्यांचे थोडे थोडे मिळून जे होते, ते एका पंधरा-सोळा वर्षांच्या शरीराला पेलावे लागते.

शरीराची बाजू आता डॉक्टरांनी पुरेशी स्पष्ट केली आहे. तेरा ते अठरा या वयाला रोज आठ ते दहा तास झोप लागते, अशी शिफारस अमेरिकेतल्या निद्रावैद्यकाच्या तज्ज्ञसंस्थेने २०१६ मध्ये केली. वयात येताना मेंदूतले झोपेचे घड्याळच पुढे सरकते. झोप आणणारे मेलाटोनिन रात्री उशिरा पाझरू लागते, त्यामुळे नऊ-साडेनऊला लहान भावंडे झोपतात आणि हा मुलगा टक्क जागा राहतो. ही शरीराची घडण आहे, वळणाचा दोष नाही. तिकडच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्येच सांगितले होते की माध्यमिक शाळा साडेआठच्या आधी भरवू नयेत. सिॲटल शहराने २०१६ पासून आपल्या मोठ्या शाळांची वेळ पावणेआठ-आठवरून पावणेनऊवर नेली. दोन शाळांतल्या मुलांच्या मनगटावर यंत्र बांधून झोप मोजली, तेव्हा ती सरासरी ३४ मिनिटांनी वाढलेली आढळली. उशिरा शाळा म्हणजे पोरे आणखी उशिरा झोपतील, ही भीती तिथे खरी ठरली नाही. कॅलिफोर्नियाने तर कायदाच केला, तो जुलै २०२२ पासून लागू आहे.

आपल्या राज्यानेही झोपेचा विचार केला, पण तो चौथीपर्यंतच. तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांच्या अपुऱ्या झोपेचा विषय काढला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये शासन निर्णय निघाला की पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊला किंवा त्यानंतर भरवावेत. चांगलाच निर्णय. पण ज्या मुलांना रात्री नऊला झोप येते त्यांना सकाळची सवलत मिळाली आणि ज्यांच्या शरीराला रात्री अकराआधी झोप येत नाही, ती मात्र सहाच्या गाडीत राहिली. हा उलटा न्याय आहे.

यावर गावात एक उत्तर नेहमी मिळते. आम्ही नाही का पहाटे उठून, चिमणीच्या उजेडात अभ्यास करून मोठे झालो? हा प्रश्न टाळण्यासारखा नाही, कारण पहाटे उठण्याची आणि श्रमाची थोर परंपरा याच मातीत आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेने 'कमवा आणि शिका' रुजवले, तिच्या शाळा जिल्ह्यात गावोगाव आहेत. राळेगणसिद्धीच्या संत निळोबाराय विद्यालयाने इतरांनी नाकारलेल्या, नापास झालेल्या मुलांना मुद्दाम प्रवेश दिला, त्यांना वसतिगृहात ठेवले, पहाटे उठवले, व्यायाम करवून घेतला, श्रमदान करवून घेतले आणि पास करून दाखवले. या दोन्ही प्रयोगांपुढे मी हात जोडतो.

पण ते प्रयोग का चालले, ते बघा. वसतिगृहात जो पहाटे उठवतो तोच रात्री दिवा मालवतो. श्रमाचा तास, जेवणाची पंगत, अभ्यासाचा तास आणि निजायची वेळ एकाच छपराखाली, एकाच्या जबाबदारीवर असते. मुलाला उठवण्याचा अधिकार आणि त्याला झोपवण्याची जबाबदारी एकाच माणसाकडे असली की पहाटही मानवते. आजच्या मुलाला उठवणारे पाच आहेत, झोपवणारा कुणीच नाही. श्रम त्याला जड जात नाहीत. त्याला जड जाते ती ही बेवारस दिवसाची ओढाताण.

जेवणाकडे वळतो, कारण इथे तर सरकारी नियमच मुलांच्या विरोधात उभा आहे. शाळेतला पोषण आहार आठवीपर्यंत मिळतो. मुलगी नववीत गेली की ताट बंद. नेमकी तेव्हा तिची उंची वाढत असते, पाळी सुरू झालेली असते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे १३ ते १५ वर्षांच्या मुलीला दिवसाला ३० मिलिग्रॅम लोह लागते. प्रौढ पुरुषाला लागते १९. म्हणजे घरात सगळ्यांत जास्त लोहाची गरज असलेली व्यक्ती सकाळी कपभर चहा पिऊन निघते आणि दुपारी दोनला स्टँडवर पाच रुपयांचे कुरकुरीत पाकीट फोडते. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के रक्तक्षयी निघाल्या. जिने चढताना दम लागणे, वर्गात लक्ष न लागणे, सारखे डोके दुखणे या तक्रारी आपण अभ्यासाच्या कंटाळ्यात जमा करतो. त्यातल्या पुष्कळशा रक्ताच्या असतात.

शाळांत आठवड्याला लोहाची निळी गोळी वाटली जाते. योजना उत्तम आहे. पण उपाशीपोटी ती गोळी घेतली की मळमळते, एखादीला उलटी होते आणि पुढच्या आठवड्यापासून आख्ख्या वर्गाच्या गोळ्या दप्तरात पडून राहतात. गोळी वाया जाते ती भाकरीवाचून. भाकरी तर या जिल्ह्याची ताकद आहे. बाजरी आपल्या रानातली, हुलग्याचे शेंगोळे आपल्या चुलीवरचे, शेंगदाण्याची चटणी प्रत्येक घरात. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने जास्त लोह असलेली 'फुले महाशक्ती' ही बाजरी दिली आहे. तरी मुलांच्या डब्यात भाकरी दिसेनाशी झाली. डब्यात भाकरी असली की हसतात, असे मुलीच सांगतात. हे हसू शाळेने बंद करायला हवे. शिक्षकांनी मुलांसोबत बसून भाकरी खाल्ली तर ते महिन्याभरात बंद होईल. आणि डब्यासोबतचा चहाही बंद व्हावा, जेवणाबरोबर चहा घेतला की अन्नातले लोह नीट अंगी लागत नाही.

नववी ते बारावीला शाळेत जेवण देणे राज्याच्या योजनेत बसत नसेल, तर जिल्ह्याला स्वतःचा मार्ग काढता येईल. देशातल्या अग्रगण्य सहकारी साखर कारखान्यांचा हा जिल्हा आहे, दूध संघांचा आहे. शिर्डीच्या प्रसादालयात रोज हजारो लोक जेवून उठतात. कारखाने, दूध संघ आणि साईसंस्थान यांच्यापुढे जिल्ह्यातल्या नववी ते बारावीच्या मुलांची न्याहारी हा विषय आपण स्वतः मांडावा. एक केळे, मूठभर शेंगदाणे-गूळ, जमेल तिथे दूध किंवा अंडे. यासाठी मोठ्या स्वयंपाकघराचा खर्चही लागत नाही.

मैदानांबद्दल थोडक्यात. पाच ते सतरा वयाला रोज किमान तासभर घाम येईल अशी हालचाल हवी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्याकडे दहावी-बारावीला पीटीचा तास गणिताला दिला जातो आणि पालक त्याला दुजोरा देतात. दुसऱ्या टोकाला भरतीची तयारी करणारी मुले आहेत. हा जिल्हा लष्कराच्या चिलखती दलाच्या केंद्राचा, गावोगावी फौजी असलेला. सैन्य आणि पोलीस भरतीसाठी सोळाशे मीटर मारणारी पोरे, आठशे मीटरची तयारी करणाऱ्या पोरी पहाटेच्या अंधारात डांबरी रस्त्याच्या कडेने पळतात, मागून उसाचे ट्रॅक्टर, डंपर येत असतात. त्याच वेळी शाळेच्या मैदानाचे फाटक कुलूपबंद असते. फाटकाची किल्ली गावातल्या एखाद्या निवृत्त जवानाकडे द्या, दोन दिवे लावा. फार मोठे काम नाही हे, पण एखाद्या मुलाचा जीव वाचवणारे आहे.

आता उमेदीविषयी. शाळा-महाविद्यालयांत प्रेरणादायी व्याख्याने फार होऊ लागली आहेत. वक्ते मन लावून बोलतात, मुले टाळ्या वाजवतात. पण पाच तास झोपलेल्या, उपाशी मुलाला मनाच्या ताकदीबद्दल सांगून त्याची दमछाक कमी होत नाही. उलट त्याला वाटू लागते की कमी पडतो आहे तो मीच. रात्री अकरानंतर तो मोबाईलमध्ये तोंड घालून बसतो, त्याबद्दल सगळे त्याला बोलतात. मीही मोबाईलच्या विरोधात आहे. उशाशी फोन नको, तो दुसऱ्या खोलीत असावा, हे प्रत्येक पालकाने पाळावे आणि स्वतःपासून पाळावे. पण अकरानंतरचा तेवढाच एक तास असा आहे, ज्यावर कॉलेजचा, क्लासचा, गोठ्याचा हक्क नाही. दिवसा त्याला अर्धा तास स्वतःचा मिळाला, मित्रांबरोबर कबड्डी खेळायला, तालमीत जायला, ढोलकी वाजवायला किंवा नुसते पारावर बसायला, तर तो रात्रीचा तास सोडायला तयार होईल. अशी मुले मी पाहिली आहेत.

ही हौसेची मागणी समजू नका. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी स्वतःचा जीव घेतला. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ च्या निकालात हाच आकडा नोंदवला आणि शाळा, महाविद्यालये, क्लास यांच्यासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत प्रशिक्षित समुपदेशक असावा, हे त्यात आहे. आणि त्यात आपलेही नाव आहे, साहेब. या सूचना पाळल्या जातात की नाही हे पाहण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समिती असावी, तिच्यात शिक्षण, आरोग्य आणि बालसंरक्षण विभागाचे प्रतिनिधी असावेत, तिने तपासणी करावी आणि तक्रारी ऐकाव्यात, असे न्यायालयाने सांगितले आहे. आपल्या जिल्ह्याची समिती कागदावर असेल तर तिला कामाला लावा. नसेल तर आजच नेमा.

क्लासच्या बाबतीतही आपले हात रिकामे नाहीत. केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये पन्नासहून अधिक विद्यार्थ्यांच्या क्लाससाठी सूचना काढल्या. सोळा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नको, दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त शिकवणी नको, ती फार पहाटे किंवा फार रात्री नको, शाळेच्या वेळेत नको, आठवड्याला एक सुटी हवी आणि सुटीच्या दुसऱ्या दिवशी परीक्षा नको. तालुक्याच्या कुठल्याही गावातल्या क्लासच्या फलकाशेजारी उभे राहून हे वाचा आणि पहाटे सहाच्या बॅचची जाहिरात बघा.

माझी मागणी एका बैठकीची आहे. एसटीचे विभाग नियंत्रक, माध्यमिक शिक्षणाधिकारी, महावितरणचे अधिकारी, जिल्ह्यातल्या मोठ्या शिक्षण संस्थांचे प्रतिनिधी, क्लासचालक आणि जिल्हा शल्यचिकित्सक यांना एका टेबलाभोवती बसवा. प्रत्येकाला आपापले वेळापत्रक आणायला सांगा. ती सगळी एकमेकांवर ठेवून एका गावातल्या एका मुलीचा दिवस त्यात बसवून दाखवा, म्हणावे. मला खात्री आहे की त्या खोलीतला कुठलाही माणूस वाईट नाही. हे चित्र त्यांनी एकत्र पाहिलेले नाही, एवढेच.

त्या टेबलावर अर्ध्याहून अधिक प्रश्न पैशाशिवाय सुटतील. कॉलेजची पहिली तासिका साडेआठला नेली तर मुक्कामी गाडी तासाभराने उशिरा सोडता येईल. सुटण्याच्या वेळेला गाडी जोडली तर मुलींचे स्टँडवरचे दोन तास वाचतील. राज्याने मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत दिला आहे, तोही पुण्यश्लोक अहिल्यादेवींच्या नावाने. त्यांचा जन्म याच जिल्ह्यातल्या चौंडीचा. त्यांच्या नावाचा पास हातात असलेली मुलगी गाडीअभावी दोन तास उन्हात बसू नये. दिवसा वीज देण्याची सौर कृषिवाहिनी योजनाही आपल्याच राळेगणसिद्धीतून सुरू झाली. ती सगळीकडे पोचेपर्यंत निदान परीक्षेच्या महिन्यांत रात्रपाळीच्या फिडरची आखणी मुलांकडे बघून करता येईल का, हे महावितरणला विचारावे.

एका गटाचे वेगळे सांगतो, कारण त्यांच्यासाठी कुठलेही वेळापत्रक पुरणार नाही. पाथर्डी, शेवगाव, जामखेडमधली ऊसतोड मजुरांची मुले. दिवाळीच्या आसपास आईवडील कोयता घेऊन कारखान्यावर जातात, ते उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. बारावी-दहावीची परीक्षा नेमकी त्याच काळात. मागे राहिलेली चौदा-पंधरा वर्षांची मुलगी आजीला सांभाळते, धाकट्यांना शाळेत धाडते, शेरडे बघते आणि परीक्षेला बसते. बसली तर. अनेकींची लग्ने याच काळजीपोटी लवकर उरकली जातात. राज्याने २०२१ मध्ये या मुलांसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आणली. तिथे गेलेल्या मुलीला एकाच छपराखाली ताट, अभ्यास आणि झोप मिळते. आपल्या जिल्ह्यातल्या ऊसतोड गावांतून दहावी-बारावीच्या मुलांची नावे गळीत हंगाम सुरू व्हायच्या आधी, म्हणजे मजूर निघण्यापूर्वी घेतली जावीत आणि प्रत्येकाची परीक्षेपर्यंतची सोय ग्रामपंचायत अधिकाऱ्याने आपल्याला कळवावी.

आणि जिल्ह्याच्या त्या समितीत मुलांना बसवा. दोन मुली, दोन मुलगे. त्यात एक एसटीने येणारी असू द्या, एक रात्री दारे धरणारा असू द्या. मोठ्यांच्या बैठकीत ती सुरुवातीला बोलणार नाहीत. त्यांना पहिला प्रश्न अभ्यासाचा विचारू नका. काल किती वाजता झोपलात आणि आज सकाळी काय खाल्लेत, हे विचारा.

हे पत्र वाचणाऱ्या मुलामुलींना एवढेच सांगतो. मन फार जड झाले, रात्री काही वाईट सुचू लागले, तर १४४१६ या क्रमांकावर फोन करा. ही शासनाची टेलिमानस सेवा आहे, मोफत आहे, अहोरात्र चालू असते आणि मराठीत बोलता येते.

साहेब, बोर्डाच्या परीक्षा फेब्रुवारीत सुरू होतात. बैठक दिवाळीच्या सुटीआधी झाली, तर या वर्षीच्या मुलांना तिचा उपयोग होईल. तारीख जाहीर करा, आम्ही शिक्षक आणि पालक आमची वेळापत्रके घेऊन येतो.

आपला,
जिल्ह्यातला एक शिक्षक